बेंचमार्कचा मुहूर्त

अमरावतीत मी आणि अकोल्यात माझा मामेभाऊ अंकुर, दोघांच्या कम्प्युटरात अगदी सारखं ग्राफिक्स कार्ड. कार्डाचा वेग आपल्या हातानं वाढवायचा, दोघांनी एकाच वेळी बेंचमार्क, म्हणजे कार्डाचा कस मोजणारा प्रोग्राम, चालवायचा आणि ज्याचा स्कोअर कमी, त्यानं घरच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहायचं, "तूच उस्ताद." मी दोनदा लिहिलं होतं.

शनिवारी मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून आम्ही तिसऱ्यांदा बसलो. माझं कार्ड त्र्याऐंशी डिग्रीवर, पाय एका जागी राहीनात, नखं तर केव्हाच खाऊन संपली. तो मात्र मजेत चिवडा खात होता.

"कायले एवढं ताणून राहिली? जळून जाईन ना कार्ड! पोरींनी आपल्या रांगोळ्या काढाव्या."

"तू तुयं पाह्य ना!"

पण त्याचा आकडा खरंच माझ्या पुढे होता. शेवटचं मिनिट उरलं, आणि मागून मामी ओरडली, "अंकुऱ्या, नळ आले! मोटर लाव!" तो नाही म्हणायच्या आत तिनंच बटण दाबलं. गल्लीतल्या सगळ्याच मोटरी एकदम सुरू झाल्या असाव्यात, कारण त्याच्या खोलीतली ट्यूबलाइट मिचमिचली आणि कम्प्युटर पटकन बंद.

ग्रुपवर "तूच उस्ताद" आलं. पाठोपाठ मला मेसेज आला, "हे काई खरं नाई! पुन्हा खेळू. दिवस तू सांग, वेळ तू सांग."



मी लगेच फोन लावला. "मामी, कशा आहा तुमी? बरं, तुमच्याकडे आता नळ कोणत्या दिवशी येतीन?"