बाराही खाटांपुढे तेच

तिसऱ्या डोसची सिरिंज माझ्या मुलीच्या सलाइनच्या नळीला लागणार, तोच मी सिस्टरचा हात धरला. "हिच्या पाठीवर चट्टे उठलेत. सकाळपासून सांगतेय!"

"घामोळं असेल हो, मॅडम. औषध बाधलं तर कॉम्प्युटर सांगतो, डॉक्टरांच्याही आधी. नवीन सिस्टीम आहे."

"त्याला कसं कळतं?"

"आम्ही भरलेल्या नोंदींवरून."

"दाखवा."

तिने नाइलाजाने स्क्रीन वळवला. माझ्या मुलीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'पुरळ नाही, सकाळी आठ.' इतर अकरा खाटांपुढेही तेच, तीच वेळ.

"ड्युटी बदलताना सगळ्यांचं एकदम भरतो," ती पुटपुटली.

"न बघता? आठ महिन्यांची पोर आहे माझी! झबलं वर करायला किती वेळ लागतो?" माझा आवाज वॉर्डभर गेला.

तिने झबलं वर केलं, चट्टे पाहिले आणि स्क्रीनवर 'नाही'चं 'आहे' केलं. स्क्रीन लाल झाला: औषध ताबडतोब थांबवा.

सिरिंज ट्रेमध्ये ठेवून तिने डॉक्टरांना फोन लावला. "सॉरी, मॅडम. आता बसा तुम्ही."

मी बसले नाही. "बाकीच्या अकरा पोरांची झबली कोण वर करणार?"