चोरखिसा

"सही करा, मास्तर. तुमची दोनशे अकरावी."

कंडक्टरनं अर्ज टेबलावरच्या अर्धवट कापलेल्या कापडावर पसरला. गावच्या क्रिकेट संघाचे आणखी चार पाठीराखे शिंपीमास्तरांच्या दारात दाटीवाटीनं उभे होते आणि सगळे एकदम बोलत होते. ही कसली चौकशी? आपल्या गोलंदाजाला, डावऱ्याला, बोलायला दहा मिनिटं दिली. समितीच्या अध्यक्षाचा जावई हरलेल्या संघातला. आधी शिक्षा ठरवली, मग गुन्हा शोधला. अर्जाच्या शेवटी जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'संपूर्ण सत्य बाहेर आलंच पाहिजे.'

अंतिम सामन्यात चेंडूची एक बाजू पॉलिश पेपरनं घासलेली निघाली होती. समितीनं खेळाडूंचे कपडे तपासले. डावऱ्याच्या पँटीला आतून, कमरपट्ट्याखाली, दोन बोटं रुंदीचा चोरखिसा सापडला. रिकामा होता, पण समितीला तेवढा पुरला. डावऱ्यावर जन्मभराची बंदी आली. हे त्या एकट्याचंच काम, संघाला यातलं काही ठाऊक नव्हतं, असंही समितीनं लिहिलं, म्हणून कप वाचला. डावऱ्या दहा दिवस घराबाहेर पडला नव्हता. त्याच्या मुलीला शाळेत नवं नाव मिळालं होतं, चेंडूचोराची पोर.

"एक मात्र त्याचं चुकलंच," कंडक्टर म्हणाला. "समितीसमोर म्हणतो, पँटीला खिसा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. स्वतःच्या पँटीचा खिसा ठाऊक नसतो होय कुणाला? खोटं बोलावं माणसानं, पण पटेल असं तरी!"

दारातले हसले. हीच माणसं डावऱ्याला न्याय मागायला निघाली होती.

मास्तरांना हसू आलं नाही. संघाच्या अकराही पँटी त्यांनीच शिवल्या होत्या. समितीनं खिसा पाहिला, शिलाई पाहिली, शिवणाऱ्याला मात्र कुणी बोलावलं नाही. आणि बोलावलं नाही म्हणून मास्तरही दहा दिवस मूग गिळून बसले होते. त्याची त्यांना लाज वाटत होती. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या बायकोनं सुई थांबवली.

"अहो, आता तरी बोला," ती म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढला. "तो खरंच बोलला. त्याला ठाऊक नव्हतं. खिसा मी माझ्या मनानं लावला."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. चोरखिसा सांगून शिवून घेतला तो कप्तानानं. मैदानात अंगठी काढावी लागते, ती ठेवायला पाहिजे, म्हणाला. मास्तरांना आठवलं, डावऱ्याची लग्नाची अंगठी मागच्या हंगामात मैदानातच हरवली होती, बायकोनं त्याला चार दिवस धारेवर धरलं होतं. चतकोर कापड उरलं होतं. लावून टाकला त्यालाही एक. पँट न्यायला आली त्याची बायको. तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी होती, तिला सांगायचं राहिलं, आणि पुढं मास्तर विसरूनच गेले. कप्तानानं समितीला सांगितलं, माझी पँट धुवायला टाकलीय. समितीनं मान डोलावली. त्याच दिवशी कप्तान पँट घेऊन दुकानात आला होता. खिसा टोचतो, उसवून द्या, म्हणाला. मास्तरांनी उसवून दिला.

कंडक्टरच्या चेहऱ्यावर हिशेब दिसू लागला. कप्तान अडकला म्हणजे संघ अडकला. संघ अडकला म्हणजे सव्वीस वर्षांनी आलेला कप गेला.

"हे आणखी कुणाला बोललात?"

"अजून नाही. उद्या सकाळी समितीकडे जातो. मापांच्या वहीत लिहिलेलं आहे सगळं."

कंडक्टरनं अर्ज उचलला, घडी घातली आणि सही न घेताच खिशात ठेवला.

"सत्य पाहिजे हो, मास्तर. पण एवढं नको."

पाचही जण निघून गेले. जाताना त्यांनी चपला नीट घातल्यासुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच मास्तर दारात हजर होते. धुतलेला शर्ट, काखेत वही. कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं. इथून थेट डावऱ्याच्या घरी जायचं, त्याच्या पोरीसमोर त्याची माफी मागायची, हे त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं होतं.

कारकुनानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं. वही मात्र त्यानं उघडली नाही.

"बाबा, उशीर केलात. तुमचा खेळाडू कालच कबुलीजबाब देऊन गेला. संध्याकाळी पाच जण त्याला घेऊन आले होते."

"कसली कबुली? त्यानं काही केलंच नाही!"

कारकुनानं फायलीतून एक कागद काढला आणि सवयीच्या सपाट आवाजात वाचला.

"खिसा मी स्वतः सांगून शिवून घेतला. कप्तानाचा किंवा संघाचा यात संबंध नाही. शिक्षा मला मान्य आहे. आमच्या शिंपीकाकांचं आता वय झालं आहे. ते काही सांगायला आले, तर कृपया मनावर घेऊ नये."