पोचल्याचं पत्र

“खिडकी उघडा म्हणतोय सायेब,” दारात उभा असलेला पहारेकरी हणमंत म्हणाला.

सगळं खातं त्याच्याकडे वळून पाहू लागलं. सोलापूरच्या गिरणीत नवं यंत्र बसवायला आलेला इटालियन इंजिनिअर मघापासून घाम पुसत ‘फिनेस्त्रा, फिनेस्त्रा’ म्हणत होता आणि जॉबर रुद्रप्पा त्याला एकेक पाना काढून दाखवत होता. हणमंतला ती भाषा येत असेल, हे कुणाच्या बापाला ठाऊक!

इंजिनिअर हरखला. त्याच भाषेत म्हणाला, “पुन्हा म्हणा.”

हणमंतने टेबलावर बोट वाजवत शब्द तोडला. फि, हलका ठोका. ने, जोरात. स्त्रा, पुन्हा हलका.

“हे कुणी शिकवलं?”

“लढाईत होतो तिकडे. एका म्हातारीच्या घरी हिवाळा काढला. चमचा वाजवून शिकवायची. जोर चुकला की तोच चमचा बोटांवर.”

इंजिनिअर खो खो हसला. हणमंत हसला नाही. निघताना म्हातारीने त्याला तिच्या मुलाचा स्वेटर दिला होता. मुलगा लढाईवरून परतलाच नव्हता. ‘घरी पोचलास की पत्र टाक, एवढंच कळव,’ म्हणाली होती. त्याने शब्द दिला होता. पण तो बोलायला शिकला होता, लिहायला नाही, आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यायची लाज वाटली. महिना गेला, वर्ष गेलं. मग कुठल्या तोंडाने लिहायचं? आता त्याची स्वतःची मुलगी बार्शीला सासरी निघाली की पत्ता घातलेलं कार्ड तो स्वतः तिच्या पिशवीत ठेवायचा. पोचल्याचं कार्ड येईपर्यंत त्याला जेवण जायचं नाही. दर वेळी म्हातारी आठवायची आणि स्वतःचीच शरम वाटायची.

“काय म्हन्तोय रं त्यो?” रुद्रप्पाने विचारलं.

“काय न्हाय,” हणमंत म्हणाला आणि राहून गेलेल्या पत्राचं इंजिनिअरला त्याच्या भाषेत सांगून टाकलं.

इंजिनिअरने वही काढली. “नाव-गाव सांगा तिचं. मी लिहून पाठवतो. असेल ना अजून?”

घरी पोचून एकोणतीस वर्षं झाली होती. तेव्हाच ती साठीची होती. हणमंतने गाव सांगितलं, मग तिच्या नावासाठी बोट टेकवलं. अस्. सुं. ता. मधला ठोका हलका पडला. त्याने तो पुन्हा, जोरात दिला.

“काय लिहू?”

“आई, पोचलो.”

इंजिनिअर कोपऱ्यात आजची तारीख घालू लागला. हणमंतने त्याचा हात धरला.

“ती नको,” तो म्हणाला. “पंचेचाळीस सालची घाला.”