या आठवड्याचा विषय

"ज्याने लिहिलंय त्याने स्वतःहून पुढे यावं," प्राचार्य म्हणाले. "नाहीतर हा ब्लॉगही बंद आणि हा वर्गही."

लेखनाच्या बाई खिडकीपाशी उभ्या राहून खडू या हातातून त्या हातात घेत होत्या.

धर्मोपदेशक घडवणाऱ्या त्या कॉलेजात लेखनाचा तास म्हणजे तोंडी लावण्यापुरता. बाईंनी मात्र त्यात जीव ओतला होता. दर सोमवारी त्या ब्लॉगवर एक विषय टाकायच्या. 'कोणाची क्षमा मागायची राहिली?' 'शेवटचं खोटं कधी बोललात?' सगळ्यांनी टोपणनावाने लिहायचं, पण मनातलं लिहायचं. विषय देऊन आपण नामानिराळं राहायचं हे बाईंना पटायचं नाही, म्हणून त्याही मुलांबरोबर लिहायच्या. पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे. टाकलेला मजकूर लिहिणाऱ्याशिवाय कोणालाच काढता येऊ नये, प्राचार्यांनासुद्धा, अशी व्यवस्था बाईंनी हट्टाने करून घेतली होती.

या आठवड्याचा विषय होता, 'प्रार्थनेत आपण काय लपवतो?' त्यावर 'उंबरठा' या नावाने कोणीतरी लिहिलं होतं: 'ओठ हलतात, आत काहीच हलत नाही. पलीकडे कोणी ऐकतंय, हा भरवसा केव्हाच उडालाय. तरी रोज सकाळी पुढे उभं राहायचं. दुसरं जाणार कुठे?'

नेमकं ते विश्वस्तांच्या वाचनात आलं आणि आगीचा डोंब उसळला.

"मी लिहिलंय, सर."

शेवटच्या बाकावरून आजोबा उठले. विशीतल्या पोरांत हे एकटेच चाळिशीचे, म्हणून हे नाव. आधी ट्रक चालवायचे. सकाळची प्रार्थना तेच सांगायचे, सगळ्यांच्या पुढे उभे राहून. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. आता सगळं बरोबर जुळत होतं.

"तुम्ही?" प्राचार्यांचा आवाज खाली आला. "अहो, दोन महिन्यांत पदवी हातात पडली असती."

"हो, सर."

"संध्याकाळपर्यंत ते काढून टाका. आणि सामान आवरा."

"सर, एक मिनिट..." बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही यात पडू नका. आईंच्या आजारपणाकडे बघून आवारातल्या खोल्या आम्ही तुम्हाला दिल्यात, उगाच नाही."

बाईंनी तोंड मिटलं, आणि त्याची त्यांना तिथल्या तिथे लाज वाटली.

दुपारी त्या वसतिगृहात गेल्या, तेव्हा आजोबा वळकटी बांधत होते.

"असं का केलंत?"

"विषय चांगला होता, बाई."

"चेष्टा नको. किती वर्षं वाट पाहिलीत या पदवीची!"

"पाहिली खरी." त्यांनी दोरीची गाठ आवळली. "पण ट्रक चालवायचं काही विसरलेलो नाही मी. आई कशा आहेत?"

"आहे तशीच."

"त्यांना आता हलवू नका. नवी जागा सोसायची नाही त्यांना."

मागच्या थंडीत आजोबांनीच आईला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे नेलं होतं.

"इथून गेल्यावर चुकल्या-चुकल्यासारखं होईल," आजोबा म्हणाले. "प्रार्थना सांगणाऱ्याचं तोंड सगळ्यांकडे असतं ना, रोज सगळ्यांचे चेहरे दिसायचे. मुलांचे, पुढच्या रांगेतल्या शिक्षकांचे. सवय झाली होती."

त्यांनी वळकटी खांद्यावर टाकली आणि दारात थांबले.

"संध्याकाळपर्यंत काढायला सांगितलंय ते. तेवढं राहून जायला नको."

"नाही राहणार," बाई म्हणाल्या.

फाटकापर्यंत त्या त्यांच्याबरोबर चालल्या. प्राचार्यांची खोली वाटेतच होती आणि दार उघडं होतं. आत जाऊन दोन वाक्यं बोलली असती तर पुरलं असतं. बाईंची पावलं तिथे घुटमळली, मग पुढे गेली. हे आपल्याला जन्मभर पुरणार, हे त्यांना तेव्हाच कळलं.

घरी आई जागीच होती. "कोण गेलं गं?"

"एक विद्यार्थी."

"तोच ना, मला पाठीवर घेणारा? भला माणूस. जेवून तरी जायचं त्याने."

"घाईत होते," बाई म्हणाल्या. त्यांनी आईच्या अंगावर पांघरूण सारखं केलं आणि टेबलाशी येऊन बसल्या. उन्हं उतरली होती. त्यांनी कॉम्प्युटर सुरू करून ब्लॉग उघडला, 'उंबरठा' असं टाइप केलं, खाली स्वतःचा पासवर्ड घातला आणि तो मजकूर काढून टाकला.