अपुरा श्वास

एक्स-रेमध्ये कुमुदकाकूंच्या हृदयाची सावली निम्म्याहून अधिक छाती व्यापून होती. हृदय वाढलं असेल, भोवती पाणी साचलं असेल, किंवा श्वासच अपुरा घेतला असेल. मी फासळ्या मोजल्या. श्वास पूर्ण घेतला असता तर दहा दिसायला हव्या होत्या. सातच दिसत होत्या.

“श्वास पूर्ण का घेतला नाहीत?” मी हळूच विचारलं.

“घेतला की खोकला येतो, डॉक्टर. बाहेर हे बसलेत. माझा खोकला ऐकला की दिवसभर जेवत नाहीत.”

मी काकांना चहाला पाठवलं. काकू मनसोक्त खोकल्या, मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला. दुसऱ्या एक्स-रेमध्ये ती सावली जेवढी असावी तेवढीच उरली होती. हृदय वाढलेलं नव्हतं.

काका परतले आणि काकूंजवळ बसत म्हणाले, “झालं ना खोकून? मी मुद्दाम दोन कप घेतले.”