टेकायचा कट्टा

रिटायर झाल्यावर निवांत टेकून चहा प्यायचा म्हणून श्यामकांतरावांनी अंबरनाथच्या आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर, अँटेनांच्या गर्दीत, सिमेंटचा कट्टा बांधून घेतला. पाठीशी मोगऱ्याचा वाफा. पण रोज संध्याकाळी वर जावं, तर शेजारीपाजारी ओळीने टेकून बसलेले!

वैतागून त्यांनी मोगरा उपटला आणि तिथे तुळस लावली. “आता तुळशीकडे पाठ करून कोण बसतो, बघतोच!” ते बायकोला म्हणाले. दुसऱ्याच संध्याकाळी अख्खा कट्टा रिकामा.

कप सांभाळत ते ऐटीत टेकणार, तोच बायको ओरडली, “अहो, पाठ कुणाकडे करताय?”



चपला काढून श्यामकांतराव कट्ट्यासमोर सतरंजी टाकून बसलेल्या त्याच शेजाऱ्यांना म्हणाले, “जरा सरकून घ्या हो.”