मापातला झगा

मेकअपच्या खोलीत कोणी नाही असं पाहून आईने खुंटीवरचा सोनेरी झगा उलटा केला. कुशीच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. ही टीप तिची नव्हती.

तो बिनखांद्यांचा झगा तिनेच शिवला होता. तो घालून लेकीने सौंदर्यस्पर्धेचा मुकुट जिंकला आणि तेव्हापासून सगळे तिला राणी म्हणायला लागले. आज सिनेमातल्या मोठ्या प्रसंगात राणी तोच झगा घालणार होती. निर्मात्याने स्पष्ट बजावलं होतं, "लोकांना तोच झगा बघायचाय. अंगात बसला तर भूमिका तुमची." नाही बसला तर त्याची भाची टपून बसलेलीच होती.

आणि सेटवरची शिंपीण त्या भाचीच्याच ओळखीने आलेली.

आईचा संशय आजचा नव्हता. मागून लोक तिला फौजदारीण म्हणतात हे तिला ठाऊक होतं, खरं तर आवडायचंही. गेलं वर्षभर राणीच्या ताटलीतला घास न् घास तिच्या नजरेखालून जात होता. पण या शिंपिणीवर नजर ठेवणं कठीण. ती आणि राणी कोपऱ्यात कुजबुजायच्या, आई आली की दोघी गप्प. कपडे बदलतानाही राणी हल्ली फक्त तिलाच आत घ्यायची. काल तर कपडेपटाचं दार आतून लावलेलं आणि आत मशीन चालू.

आता उलगडा झाला. बाईने झगा आत घेतला होता. ऐन वेळी तो चढणार नाही, आणि बोल लागणार लेकीच्या अंगाला. सकाळी राणीपुढचा अर्धा टोस्ट आपण उचलून ठेवला ते बरंच झालं, असं आईला वाटलं. तिने कात्री घेतली.

तेवढ्यात दार उघडलं. शिंपीण राणीला दंडाला धरून आत आणत होती. कात्री पाहून तिचा चेहरा उतरला.

"हे तुमचं काम ना?" आईने विचारलं.

"हो. पण टीप उसवू नका, आई. एवढा शॉट होऊन जाऊ दे."

"का? पितळ उघडं पडेल?"

"आई, त्यांना काही बोलू नकोस," राणी खुर्चीत टेकत म्हणाली. एवढ्या उकाड्यात तिने जाड शाल लपेटली होती. "त्या माझ्यासाठीच करतात."

"तू गप्प बस. तुला कोणीही गुंडाळतं."

आईने टीप उसवली. तिच्या पलीकडे दुसरी निघाली. दुसरीच्या पलीकडे तिसरी. म्हणजे कट कालचा नव्हता, किती दिवस शिजत होता कोण जाणे. शेवटी तिची स्वतःची जुनी टीप लागली, तेव्हा कुठे तिने कात्री खाली ठेवली.

"ऊठ, राणी. आता बघते कसा बसत नाही ते."

शिंपिणीने भिंतीकडे तोंड फिरवलं. राणीने मुकाट्याने शाल सोडली आणि आईकडे पाठ करून झग्यात पाय घातले. आईने झगा वर ओढला, एकेक करत सगळे हूक लावले आणि हात काढून घेतला.

हूक लागलेलेच राहिले आणि झगा सरळ खाली येऊन राणीच्या पायांशी पडला.